उत्पादक ३,००० नगांच्या खाली यायला तयार नाही, काय करू?

प्रश्न: आम्ही दोघी मैत्रिणी त्वचेच्या निगेचा एक लहान ब्रँड चालवतो. तीन उत्पादनं आहेत: नायसिनामाइडचं ३० मिलीचं सीरम, ५० ग्रॅमची फेस क्रीम आणि चार सुगंधांतला लिप बाम. आतापर्यंत एका छोट्या लॅबकडून एका वेळी २००-३०० नग बनवून घ्यायचो. महिन्याला सीरम साधारण १५०, क्रीम ६० आणि बाम चारही सुगंध मिळून २०० जातात. आता एक चांगला उत्पादक सापडलाय, चाचण्या-कागदपत्रं सगळं व्यवस्थित आहे. पण तो प्रत्येक प्रकाराला किमान ३,००० नग मागतो. बामचे चार सुगंध वेगळे धरले तर एकूण १८,००० नग होतात! 'सुरुवातीला ५०० करा, पुढे ऑर्डर वाढवू' असं सांगून पाहिलं. भाव थोडा जास्त द्यायचीही तयारी दाखवली. तो हलला नाही. आता दुसरा उत्पादक शोधायचा की कर्ज काढून ऑर्डर द्यायची?

उत्तर: कर्ज काढू नका. आणि इतक्यात दुसरा उत्पादकही शोधू नका, कारण या उत्पादकाशी तुमची खरी बोलणी अजून सुरूच झालेली नाहीत.

३,००० हा आकडा एकच दिसतो, पण त्यामागे चार वेगवेगळ्या किमान संख्या असतात. भांड्यात कमीत कमी किती माल नीट बनतो, कच्चा माल कमीत कमी किती विकत मिळतो, फिलिंगची लाइन कमीत कमी किती नगांसाठी लावणं परवडतं, आणि बाटली, लेबल, खोकं कमीत कमी किती छापून मिळतं. या चारांतली जी सगळ्यात मोठी, ती तुम्हाला 'किमान ऑर्डर' म्हणून सांगितली जाते. तुम्ही सरसकट ५०० मागितले, म्हणजे चारही बाबतींत एकदम सूट मागितली. तशी घासाघीस कोणीच मान्य करणार नाही. चारांपैकी तुम्हाला अडवणारी नेमकी कोणती हे विचारून घेतलं, तर तेवढ्या एकाच गोष्टीवर तोडगा काढता येतो. तुमच्या तीन उत्पादनांत ही अडवणारी गोष्ट वेगवेगळी असण्याची शक्यता खूप आहे, म्हणून तिन्हींची बोलणीही वेगळी करायला हवीत.

बोलायला जाण्याआधी तुमची स्वतःची वरची मर्यादा ठरवा. हे बहुतेक जण करत नाहीत, आणि मग समोरच्याच्या आकड्यावरून आपली ऑर्डर ठरते. समजा सीरमची मुदत बनवल्यापासून २४ महिने आहे. सूक्ष्मजीव चाचणीचे निकाल, फिलिंग आणि वाहतूक यांत पहिले दोन महिने जातात. ग्राहकाच्या हाती बाटली पडेल तेव्हा निदान सहा महिने मुदत उरलेली असावी. राहिले १६ महिने. महिन्याला १५० प्रमाणे २,४०० नग ही तुमची कमाल. त्यापुढचा प्रत्येक नग फुकट मिळाला तरी तोट्याचा, कारण तो मुदतीत विकला जाणार नाही. याच हिशेबाने क्रीमची कमाल ९६० आणि बामची चारही मिळून ३,२००. ही झाली मुदतीची मर्यादा. भांडवल अडकू नये म्हणून सहा ते आठ महिन्यांचाच माल हाताशी असावा, म्हणजे सीरमचे ९०० ते १,२००. हे आकडे कागदावर लिहून ठेवा आणि बोलणी रंगात आली तरी बदलू नका.

आता सीरम. सीरमच्या बाबतीत बहुधा भांडं अडवतंय. ३,००० हा आकडा कुठून येतो ते पाहा. १०० किलोचं भांडं पूर्ण भरलं, त्यातला तीनेक किलो माल भांड्याच्या कडांना, पाइपांत आणि फिलिंगच्या हॉपरमध्ये (माल ओततात त्या नरसाळ्यात) राहिला, उरले ९७ किलो. प्रत्येक बाटलीत ३० मिली कमी पडू नयेत म्हणून थोडं जास्त, ३०.५ ग्रॅम धरा (सीरमची घनता पाण्याइतकी मानली आहे). ९७ किलोत ३,१८० बाटल्या. म्हणजे उत्पादक तुम्हाला एक भरलेलं भांडं विकतोय.

पण भांडं नेहमी पूर्णच भरावं लागतं असं नाही. खालची मर्यादा ठरते ती ढवळणाऱ्या पात्यांवरून. पाती आणि होमोजिनायझरचं (माल बारीक घोटून एकजीव करणाऱ्या यंत्राचं) तोंड मालात पूर्ण बुडलेलं असावं लागतं. पातळी त्याखाली गेली की हवा आत ओढली जाते, सीरममध्ये बारीक बुडबुडे अडकतात आणि फिलिंगला वजन कमी-जास्त होत राहतं. ही मर्यादा साधारणपणे भांड्याच्या क्षमतेच्या एक तृतीयांश ते ४० टक्क्यांच्या आसपास असते. तेव्हा विचारायचा प्रश्न असा: 'तुमच्या सगळ्यात लहान भांड्यात कमीत कमी किती किलोची बॅच नीट बनते?' उत्तर ४० किलो आलं, तर त्यातून तीन किलो नासाडी वजा जाता ३७ किलो, म्हणजे सुमारे १,२०० बाटल्या. आठ महिन्यांचा माल! तुमच्या आरामाच्या मर्यादेत बरोबर बसतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करा: लहान बॅच उत्पादकाला खरोखरच महाग पडते. तीन किलोची नासाडी १०० किलोत ३ टक्के असते, ४० किलोत साडेसात. भांडं आणि लाइन धुवायला दोन्हीकडे तेवढाच वेळ लागतो. पीएच, विस्कॉसिटी (दाटपणा) आणि सूक्ष्मजीव चाचणीचा खर्च बॅचमागे असतो, किलोमागे नाही. म्हणून जादा पैसे द्या, पण ते कसे द्यायचे हे तुम्ही ठरवा. नगाचा भाव वाढवून देऊ नका. 'लहान बॅचचा एकरकमी आकार' म्हणून बिलात वेगळी ओळ मागा. नगाचा भाव एकदा वाढला की पुढच्या प्रत्येक बोलणीची सुरुवात तिथूनच होते. वेगळी ओळ मात्र पूर्ण भांड्याची ऑर्डर दिली की आपोआप गळून पडते. तुम्ही 'भाव जास्त देऊ' म्हणालात तेव्हा उत्पादकाला ते मोघम वाटलं असणार. 'सफाई आणि चाचण्यांचा खर्च वेगळा लावा, आम्ही भरतो' हे ऐकल्यावर त्याला त्याचा आकडा मांडता येतो.

कच्च्या मालाचंही विचारा. नायसिनामाइडची काळजी नको. ते २५ किलोच्या पॅकमध्ये येतं आणि ५ टक्क्यांनी तुमच्या ४० किलोला दोनच किलो लागतं, पण उरलेलं उत्पादक दुसऱ्या ग्राहकांच्या मालात वापरतो. अडचण होते ती फक्त तुमच्यासाठी मागवाव्या लागणाऱ्या घटकाची. एखादा वनस्पती अर्क किंवा पेप्टाइड ५ किलोच्या खाली मिळत नसेल आणि तुम्हाला १ टक्क्याने ४०० ग्रॅमच हवा असेल, तर उरलेल्या ४.६ किलोचं काय करायचं, ही उत्पादकाची धास्ती असते. तो फॉर्म्युला उघड करणार नाही, पण 'यातले कोणते घटक फक्त आमच्यासाठी घ्यावे लागतात?' या प्रश्नाचं उत्तर देईल. मग दोनच वाटा उरतात. त्याच्याकडे नेहमी असणाऱ्या, तेच काम करणाऱ्या घटकावर जायचं, किंवा पूर्ण पॅकचे पैसे भरून उरलेला माल तुमच्या नावाने ठेवायला सांगायचं. दुसरी वाट घेतलीत तर त्या घटकाची मुदत आधी बघा. उरलेला पॅक पुढच्या बॅचच्या आधीच बाद होणार असेल, तर तो खर्च पहिल्याच बॅचवर धरायला हवा. पहिली वाट घेतलीत तर बदललेला फॉर्म्युला म्हणजे नवा फॉर्म्युला; त्याची स्थिरता चाचणी (माल मुदतभर टिकतो का ते बघणारी) नव्याने करावी लागते.

क्रीमबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: ती या ऑर्डरमध्ये घेऊ नका. महिन्याला ६० म्हणजे ३,००० नगांना ५० महिने लागतील. ४० किलोची बॅच धरली तरी ७३० नग होतात, बारा महिन्यांचा माल. कमाल मर्यादेत बसतो खरा, पण सगळं सुरळीत विकलं गेलं तरच. शिवाय क्रीम हे इमल्शन, म्हणजे तेल आणि पाण्याचं एकजीव मिश्रण, आहे. कमी भरलेल्या मोठ्या भांड्यात ते सीरमपेक्षा लवकर बिघडतं: थंड होण्याचा वेग बदलतो, घुसळण कमी-जास्त होते आणि लॅबमधल्या अर्ध्या किलोच्या नमुन्यात जो दाटपणा होता तो मिळत नाही. सध्याच्या लॅबकडेच ती चालू ठेवा. मात्र पाणी असलेलं उत्पादन आहे, तेव्हा प्रत्येक बॅचची सूक्ष्मजीव चाचणी स्वतंत्र प्रयोगशाळेतून करून घ्या. नवीन उत्पादकाकडेच हवी असेल तर त्याच्या तयार फॉर्म्युल्यांपैकी एखादी क्रीम वापरून बघा. तो इतर ग्राहकांसाठी ३०० किलो बनवतच असतो, त्यातलीच २० किलो तुमच्या डब्यांत भरून द्यायला त्याला फारसं जड जात नाही, आणि तेवढ्यात तुमचे जवळपास ३९० डबे होतात. त्यात क्रीम 'आपली' राहत नाही, हे खरं. ते तुम्हाला चालेल का, हा निर्णय तुमचा.

बामचं गणित उलटं आहे, आणि इथेच तुम्हाला सगळ्यात जास्त मिळवता येईल. ४.५ ग्रॅमच्या ३,००० काड्यांना माल लागतो फक्त साडेतेरा किलो. भांडं इथे अडवत नाही. अडवते ती फिलिंगची लाइन लावण्याची मेहनत, एका सुगंधाकडून दुसऱ्याकडे जाताना करावी लागणारी सफाई, आणि छापील ट्यूब. म्हणून उत्पादकाला म्हणा: 'तुमचे ३,००० मान्य, पण चारही सुगंध मिळून.' बेस (मेण-तेलाचं मूळ मिश्रण) चारही बामचा एकच ठेवायचा, साधारण १५ किलो एकत्र वितळवायचा, चार भागांत काढायचा आणि सुगंध शेवटी, तापमान उतरल्यावर घालायचा. शेवटी घालण्याचं कारण असं की गरम मेणात सुगंध उडून जातो. भाग समान करू नका, खपाप्रमाणे करा. खप ८०, ६०, ४०, २० असा असेल तर १,२००, ९००, ६०० आणि ३००. भरण्याचा क्रमही तुम्हीच सुचवा: सौम्य सुगंध आधी, पुदिन्यासारखा उग्र सगळ्यात शेवटी. मग मधल्या सफाया हलक्या होतात, कारण व्हॅनिलाचा लवलेश पुदिन्यात कळत नाही, पण उलट मात्र लगेच कळतो. रंगीत बाम असते तर फिकट आधी, गडद शेवटी. लाइनवरच्या कामाची जाण तुमच्या बोलण्यातून दिसली की समोरचा वेगळ्या नजरेने ऐकतो.

महिन्याला २० जाणारा चौथा सुगंध ठेवायचाच का, याचाही विचार करा. तो काढला तर एक सफाई वाचते आणि उत्पादकाकडे एकूण २,४०० नगांची मागणी करणं सोपं जातं. उरलेल्या तीन सुगंधांच्या १८० च्या खपाला तो तेरा महिन्यांचा माल होतो.

ट्यूब मात्र एकच घ्या, उत्पादकाच्या साठ्यात असलेली पांढरी किंवा पारदर्शक. फरक फक्त स्टिकरवर. पॅकेजिंगमध्ये किमान संख्या सगळ्यात आडमुठी असते, कारण ती बहुतेक वेळा उत्पादकाच्याही हातात नसते. रंग देऊन घेतलेला पंप, थेट छापलेली ट्यूब, स्वतःचा साचा असलेली बाटली यांना १०,००० किंवा त्याहून जास्त नग मागितले जाणं अगदी नेहमीचं आहे. तुम्ही लहान आहात तोवर साठ्यातली बाटली आणि डिजिटल छपाईचं लेबल हीच वाट. डिजिटल छपाईला प्लेट लागत नाही, म्हणून काही शे लेबलंही छापून मिळतात, आणि एकाच ऑर्डरमध्ये चार वेगळी डिझाइन्स चालतात. बाटलीवर थेट छापायचंच असेल तर फक्त ब्रँडचं नाव छापा. घटकांची यादी, वजन, बॅच क्रमांक हे सगळं स्टिकरवर ठेवा. एक घटक बदलला आणि यादी बाटलीवर छापलेली असली, तर गोदामातल्या सगळ्या बाटल्या रद्दीत जातात.

बाटल्या आम्हीच आणून देतो, असंही तुम्ही उत्पादकाला म्हणू शकता. त्याने त्याच्या बाजूची पॅकेजिंगची अट संपते. पण जबाबदारी तुमच्याकडे येते, आणि ती बहुतेक वेळा आट्यांवर अडते. बाटलीच्या तोंडाचं माप २०/४१० अशा पद्धतीने लिहितात. पहिला आकडा तोंडाचा व्यास, मिलीमीटरमध्ये. दुसरा आट्यांचा प्रकार. ४०० म्हणजे साधारण एक वेढा, ४१० म्हणजे दीड, ४१५ म्हणजे दोन. २०/४०० ची बाटली आणि २०/४१० चा पंप हातात घेतले तर जुळल्यासारखे वाटतात, टोपण फिरतंही, पण शेवटचा आटा धरत नाही आणि वाहतुकीत बाटली आडवी पडली की गळते. बाटली आणि पंप एकाच पुरवठादाराकडून घ्या, किंवा निदान ३० ते ५० नमुने उत्पादकाच्या लाइनवर फिरवून बघा. सीरम भरून दोन-तीन दिवस आडव्या ठेवा. आणि १,२०० भरायचे असतील तर १,२०० बाटल्या पाठवू नका. फुटतूट, वाकडी लेबलं, चाचणीसाठी काढलेले आणि राखून ठेवलेले नमुने यांसाठी ३ ते ५ टक्के जास्त पाठवा, लेबलं त्याहून थोडी अधिक.

पॅकेजिंग बदलून किमान संख्या कमी केली, तर एक खर्च वाढतो हे विसरू नका. स्थिरता चाचणी ज्या बाटलीत माल विकणार त्याच बाटलीत व्हायला हवी. ४० अंश सेल्सिअसला तीन महिने ठेवून रंग, वास, पीएच, दाटपणा बघण्याची पद्धत सर्रास आहे. प्रिझर्व्हेटिव्ह टिकतो का हे बघणारी चाचणी २८ दिवसांची असते. काचेऐवजी प्लास्टिक किंवा पंपाऐवजी ड्रॉपर आला, तर जुन्या अहवालावर विसंबू नका. ड्रॉपरचा रबरी फुगा काही तेलांनी मऊ पडतो आणि चिकट होतो.

आता भावाकडे वळू, कारण '३,००० घेतले तर नग किती स्वस्त पडतो बघा' हे तुम्हाला नक्की ऐकवलं जाईल. समजा १,२०० च्या ऑर्डरला नगामागे १०० पडतात आणि ३,००० ला ७२ (चलन कोणतंही धरा). एकूण खर्च १,२०,००० विरुद्ध २,१६,०००. ३,००० पैकी २,१६० विकले जातील तेव्हा कुठे विकलेल्या नगाचा खर्च १०० वर येतो. तुमच्या खपाला त्याला चौदा महिने लागतात. कमाल मर्यादेपर्यंत, म्हणजे २,४०० विकले तर खर्च ९० पडतो आणि ६०० नग फेकावे लागतात. खप थोडा घसरून महिन्याला १२० झाला, तर १६ महिन्यांत १,९२० जातात आणि विकलेला प्रत्येक नग ११२ च्या वर पडतो. सगळं मनासारखं झालं तर दहाची बचत, एवढ्यासाठी जवळपास दुप्पट पैसे सव्वा वर्ष अडकवायचे. हे गणित तुमचे खरे भाव घालून पुन्हा करा. सोपा ठोकताळा असा: मोठ्या ऑर्डरचा भाव लहानाच्या ७२ टक्के असेल, तर मोठ्या ऑर्डरमधले निदान ७२ टक्के नग मुदतीत विकले जाणार याची तुम्हाला खात्री हवी.

तुमच्याकडे द्यायला काय आहे? 'पुढे मोठी ऑर्डर देऊ' हे चालत नाही. प्रत्येक नवा ब्रँड तेच म्हणतो. फुगवलेला अंदाज तर अजिबात देऊ नका. उत्पादक त्यावर कच्चा माल आणतो, आणि तुम्ही उचलला नाहीत तर भांडणही होतं आणि नावही खराब होतं. त्यापेक्षा खऱ्या गोष्टी द्या. मागच्या बारा महिन्यांची विक्री, महिनावार. तयार, पुन्हा न बदलणारं लेबलचं डिझाइन. वेळेची मोकळीक: 'तुमच्या सोयीच्या आठवड्यात लावा, एखाद्या मिळत्याजुळत्या सीरमच्या मागोमाग लावलंत तरी चालेल.' जास्त आगाऊ रक्कम. आणि सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे 'बॅचमधून जितके नग निघतील तितके घेऊ'. नेमके १,२०० मागितले की उत्पादकाला उरलेल्या मालाची चिंता असते. १,१०० ते १,३०० मधला कोणताही आकडा चालेल म्हणालात की ती मिटते. तसंही बऱ्याच करारांत कमी-जास्त १० टक्क्यांची अट असतेच, आणि जास्त निघालेल्या नगांचे पैसे द्यावे लागतात; तेवढी तरतूद ठेवा.

हे सगळं फोनवर बोलण्याआधी लिहून पाठवा. साधारण असं:

'नमस्कार. तुमची ३,००० नगांची अट आम्ही समजून घेतली. आमचा सीरमचा खप महिन्याला १५० आहे, मागच्या वर्षाची विक्री सोबत जोडली आहे. तुमच्या लहान भांड्यात ४० किलोच्या आसपास बॅच होऊ शकेल का? होत असेल तर सफाई आणि चाचण्यांचा एकरकमी आकार वेगळा कळवा. बाटली आणि पंप तुमच्या साठ्यातले चालतील, लेबल आमचं. बॅचमधून निघतील तेवढे सगळे नग घेऊ. तारीख तुमच्या सोयीची, पुढच्या दहा आठवड्यांतली. फॉर्म्युल्यातले कोणते घटक फक्त आमच्यासाठी मागवावे लागतील, आणि ते किती किलोच्या पॅकमध्ये येतात, तेही कळवाल का? बामसाठी तुमचे ३,००० मान्य आहेत, पण एकाच बेसमधून चार सुगंध मिळून. क्रीम आत्ता नको.'

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. काय नको हे स्पष्ट सांगणाऱ्या ग्राहकाच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

त्याने एकट्या ४० किलोच्या बॅचला नकार दिला तर दुसरा प्रस्ताव तयार ठेवा: १८ महिन्यांत २,४०० नगांची बांधिलकी, दोन बॅचमध्ये. बाटल्या आणि लेबलं एकदम, माल दोनदा. दोन बॅचला दोन वेगळ्या उत्पादन तारखा मिळतात, त्यामुळे मुदतीचा ताण निम्मा होतो. पण करारात एक ओळ हवीच: दुसरी बॅच उचलली नाही तर तुमची जबाबदारी आधीच घेतलेल्या खास कच्च्या मालापुरती आणि छापील पॅकेजिंगपुरती राहील, अख्ख्या बॅचची नाही. याच्याशी मिळताजुळता पर्याय तोही सुचवेल: १०० किलो एकदम बनवू, निम्मं आत्ता भरू, निम्मं ड्रममध्ये ठेवून नंतर भरू. यात सांभाळा. मुदत बनवल्या दिवसापासूनच मोजली जाते, भरल्या दिवसापासून नाही. बल्क माल किती दिवस ठेवता येतो याची त्याने चाचणी केलेली असावी, आणि भरण्याआधी सूक्ष्मजीव चाचणी पुन्हा व्हावी. हे दोन्ही लेखी मिळत नसेल तर नाही म्हणा.

चाचणी गाळून किमान संख्या कमी करणारा प्रस्ताव कोणत्याही रूपात स्वीकारू नका. दुसरीकडे चौकशी करताना कोणी चटकन '२०० करून देतो' म्हणालं, तर तीन गोष्टी विचारा: कोणत्या भांड्यात बनणार, बॅचची नोंद आणि चाचणी अहवाल देणार का, आणि राखीव नमुने किती काळ ठेवता? सौंदर्यप्रसाधनांच्या चांगल्या उत्पादन पद्धतीचं आयएसओ २२७१६ हे आंतरराष्ट्रीय मानक पाळणाऱ्यांकडे याची उत्तरं तयार असतात, कारखाना लहान असो की मोठा.

करारावर सही करण्याआधी पुनर्ऑर्डरची किमान संख्या किती, हे नक्की लिहून घ्या. पहिली ऑर्डर १,२०० ला 'ट्रायल' म्हणून मान्य होते आणि दुसऱ्या वेळी पुन्हा ३,००० सांगितले जातात, असं होऊ शकतं. तोवर लेबलवर त्या उत्पादकाचं नाव, चाचण्या, फॉर्म्युला सगळं त्याच्याकडे असतं आणि बाहेर पडणं महाग झालेलं असतं. निदान पुढच्या दोन ऑर्डरींना तीच अट आणि तोच एकरकमी आकार लागू राहील, असं कलम मागा. फॉर्म्युला कोणाचा हेही त्याच पानावर हवं.

आणि माल हाती आला की लगेच पुढच्या ऑर्डरचा आकडा ठरवून ठेवा. पुन्हा बनवून घ्यायला साधारण आठ आठवडे आणि एक महिना राखीव, असे तीन महिने धरले तर सीरमचे ४५० नग उरतील त्या दिवशी ऑर्डर जायला हवी. घाईत दिलेल्या ऑर्डरीत उत्पादकाला वेळेची मोकळीक देता येत नाही, आणि लहान बॅचसाठी तुमच्याकडे असलेली मोठी देणगी तीच आहे.